महासंगणकातील दळणवळणाची मर्यादा : बार्शी लाइट रेल्वे ते ‘परम’

मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात बार्शी लाइट रेल्वेचा उल्लेख बहुधा तिच्या अरुंद रुळांमुळे केला जातो. अडीच फुटी रुळांवरून धावणारी ही गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी एवढ्याच पल्ल्यावर सुरू झाली. १९०६ साली तिचा एक फाटा पंढरपूरला गेला, १९०७ साली ती निजामाच्या मुलखात तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. त्या काळी लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत असल्याने, आज धाराशिव आणि लातूर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही जिल्ह्यांतील कापूस, धान्य व गळिताचा माल मुंबईच्या बाजारपेठेकडे नेणारी ही पहिली लोहवाट होय. तथापि, रुळांच्या अरुंदपणापेक्षा या रेल्वेचा एक दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो स्थानिक इतिहासकारांच्या नजरेतून पुष्कळदा सुटलेला दिसतो.

या रेल्वेचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने रचनेचा आरंभ इंजिनापासून केला नाही, रुळापासून केला. हलका रूळ किती भार सोसू शकेल हे त्याने प्रथम ठरविले, आणि मग इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा एकच दंडक सर्वांना लावला. मोठे ओझे न्यावयाचे तर ते अधिक आसांवर वाटून द्यावयाचे. एखादा आस अवजड करावयाचा नाही. वाटेची क्षमता आधी मोजावी आणि वाहनाने तिच्या मापात राहावे, हे या रचनेचे सूत्र होते. वारास तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळावरही अशी गाडी सुरक्षित धावू शकते हे त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ प्रत्यक्ष चाचण्या करून दाखविले होते.

भाराची वाटणी करून कॅलथ्रॉपने रुळाची मर्यादा ओलांडली. पण दुसरी एक मर्यादा त्यास ओलांडता आली नाही. कुर्डुवाडीस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा साडेपाच फुटी मार्ग होता. लातूरची गाठोडी तेथे अरुंद वाघिणीतून उतरवून रुंद वाघिणीत पुन्हा भरावी लागत. लातूर ते कुर्डुवाडी हे अंतर गाडीने कितीही लवकर कापले, तरी दिवसाकाठी किती गाठोडी मुंबईकडे निघतील हे शेवटी त्या फलाटावरील हमालांच्या हातांवर आणि पलीकडे रिकाम्या वाघिणी किती उभ्या आहेत यावर ठरणार. पंढरपूरच्या फाट्यावर आणखी निराळीच अडचण होती. आषाढी-कार्तिकीस लोटणारी गर्दी आणि एरवीची तुरळक रहदारी यांत एवढी तफावत, की वर्षाची सरासरी काढून त्या मार्गाची योजना करणे निरर्थक ठरावे.

वाट, सांधा आणि गर्दी या तीन गोष्टींचा हा प्रश्न नव्वदएक वर्षांनी पुण्यात पुन्हा उपस्थित झाला. या वेळी वाहून न्यावयाचा माल म्हणजे केवळ संख्या होत्या. भारतीय महासंगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाच्या आकड्यांतून सांगितला जातो: अमुक साली एक गिगाफ्लॉप, तमुक साली एक टेराफ्लॉप. हे आकडे खोटे नाहीत, परंतु ते इंजिनाचे आकडे आहेत. यंत्रातील एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, ती वहनक्षमता, जिला तंत्रज्ञ ‘बँडविड्थ’ म्हणतात, बाजूस ठेवून तो इतिहास नीट उलगडत नाही.

१९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे बनावटीच्या महासंगणकाची मागणी केली. निर्यातीवरील निर्बंधांमुळे हवे ते यंत्र मिळाले नाही. त्याहून कमी शक्तीचे यंत्र हवामानाच्या अंदाजापुरतेच वापरावे या अटीवर दिल्लीस आले. याच पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ अर्थात् सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. तीन वर्षांच्या मुदतीत महासंगणक उभा करावयाचा होता. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, घडविण्याचे साधन देशात नव्हते. तेव्हा बाजारात मिळणारे साधे प्रक्रियक शेकड्यांनी जोडून त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घ्यावे, असा मार्ग निवडण्यात आला. कॅलथ्रॉपने ओझे आसांवर वाटले, त्याच रीतीने येथे गणित प्रक्रियकांवर वाटले जाणार होते.

१९९१ साली पूर्ण झालेल्या ‘परम ८०००’ मध्ये ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे टी-८०० जातीचे ‘ट्रान्सप्युटर’ बसविले होते. या प्रक्रियकाची निवड सहेतुक होती. एकाच चकतीवर गणन करणारा भाग आणि बाहेर बोलण्यासाठी चार दुवे, अशी त्याची घडण होती. शिवाय दुव्यांवरून माहिती ये-जा करीत असताना गणन थांबत नसे. शेजाऱ्याशी बोलणे हे ज्याच्या मूळ रचनेतच अभिप्रेत होते असा तो प्रक्रियक होता. दुव्यांची मांडणीही ‘परम’मध्ये कामाच्या स्वरूपानुसार बदलता येत असे.

येथे थोडे गणित करणे अवश्य आहे. २५६ प्रक्रियकांच्या ‘परम ८०००’ चा शिखरवेग एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणनक्रिया, असा सांगितला गेला. याचा अर्थ एका प्रक्रियकाच्या वाट्यास सुमारे ४० लाख क्रिया येतात. त्याच्या एका दुव्याची नाममात्र गती सेकंदाला २० मेगाबिट होती. आगे-मागे जोडावयाच्या खुणा व पोचपावत्या वजा जाता एका दिशेने सुमारे १.७ मेगाबाइट एवढीच माहिती प्रत्यक्ष जाई. एक संख्या आठ बाइटांची धरली तर हे प्रमाण सेकंदाला दोन लाख संख्या एवढे होते. म्हणजे एका दुव्यातून आलेली प्रत्येक संख्या वीस वेळा, आणि चारही दुवे एकाच वेळी भरून वाहत असतील तर निदान पाच वेळा गणितात वापरली गेली पाहिजे. एरवी प्रक्रियक स्वस्थ बसून वाट पाहणार. या यंत्राचा प्रत्यक्ष वेग १०० ते २०० मेगाफ्लॉप, म्हणजे शिखरवेगाच्या दशांश ते पंचमांश, एवढाच भरत असे. ही उणीव काही केवळ दुव्यांचीच नव्हे. काम समान वाटले न जाणे, आणि गणिताचा काही भाग मुळातच वाटण्यासारखा नसणे, ही कारणेही तिच्यामागे असतात. परंतु यंत्र जसजसे वाढवावे तसतसा दुव्यांचा वाटा यात वाढत जातो.

तो का वाढतो हे हवामानाच्या उदाहरणावरून चांगले ध्यानात येते. वातावरणाचे गणित करताना भूपृष्ठावर चौकोनांची जाळी कल्पिली जाते आणि तिचे तुकडे प्रक्रियकांना वाटून दिले जातात. एका प्रक्रियकाकडे शंभर गुणिले शंभर, असे दहा हजार चौकोन असतील, तर त्यांतील सीमेवरचे सुमारे चारशे चौकोनच शेजाऱ्यास कळवावे लागतात. हे प्रमाण चार टक्के झाले. काम लवकर उरकावे म्हणून प्रक्रियक सोळापट केले, की प्रत्येकाच्या वाट्यास पंचवीस गुणिले पंचवीस, म्हणजे ६२५ चौकोन येतात, आणि त्यांतील सीमेवरचे जवळजवळ शंभर असतात. प्रमाण एकदम पंधरा टक्क्यांवर जाते. भावाभावांत जमिनीची वाटणी होत गेली की पिकाखालची जमीन घटते आणि बांध वाढतात, हा मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा हिशेब आहे. महासंगणकातही नेमके तेच घडते. जमिनीच्या बांधावर निदान गवत तरी उगवते.

सी-डॅकच्या पुढील यंत्राने हा प्रश्न अधिकच तीव्र केला. ‘परम ८०००’ ची शक्ती अपुरी पडते असे १९९२ च्या सुमारास दिसून आले, आणि इनमॉसचा पुढचा, अधिक वेगवान दुव्यांचा टी-९००० हा प्रक्रियक तर रखडत चालला होता. तेव्हा ‘परम ८६००’ मध्ये इंटेल कंपनीचा आय-८६० हा प्रक्रियक घेण्यात आला आणि त्याच्या प्रत्येक नगाबरोबर दळणवळणासाठी चार जुने ट्रान्सप्युटर जोडण्यात आले. आय-८६० चा शिखरवेग सेकंदाला सहा कोटी क्रियांच्या घरात होता. चार ट्रान्सप्युटरांचे सोळाही दुवे धरले तरी त्यांतून चौतीस लाखांच्या आसपासच संख्या येणार. पूर्वी प्रत्येक संख्येचा पाच वेळा उपयोग पुरत होता, तो आता अठरा वेळा करावा लागणार. इंजिन बदलले, रूळ तेच राहिले. नव्या यंत्राचा एक संच जुन्या चार संचांच्या बरोबरीचा मानला गेला. केवळ प्रक्रियकांच्या शिखरवेगाची तुलना केली असती तर हा आकडा याहून बराच मोठा यावयास हवा होता. आय-८६० कडून पूर्ण वेग काढून घेणे आज्ञावली-भाषांतरकांना त्या काळी जगात कोठेच नीट साधले नव्हते, ही गोष्टही या संदर्भात नमूद केली पाहिजे.

या अनुभवानंतर सी-डॅकच्या रचनेत जो पालट झाला तो इतिहासदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे. १९९४ साली दाखविण्यात आलेल्या ‘परम ९०००’ मध्ये प्रक्रियक कोणताही बसविता यावा आणि जाळे मात्र स्वतंत्रपणे वाढविता यावे, अशी योजना होती. जाळ्याची ही मांडणी ‘क्लॉस’ पद्धतीची होती. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस याने १९५३ साली दूरध्वनी-केंद्रांसाठी ती सुचविली होती. तिचे मर्म असे की दोन टोकांमध्ये एकच जाडजूड वाट बांधण्याऐवजी मधल्या थरात पुरेशा संख्येने लहान सांधे ठेवावेत. मग कोणतेही दोन ग्राहक बोलत असताना तिसऱ्या-चौथ्याची वाट अडत नाही. मधले सांधे किती असले म्हणजे वाट कधीच अडणार नाही, हेही क्लॉसने सूत्राने सिद्ध केले आहे. टेलिफोनच्या जगातील हा सिद्धांत चाळीस वर्षांनी पुण्यातील गणकयंत्राच्या कामी आला.

वाटांच्या मांडणीचा विचार करणाऱ्यांत एका मराठी गणितज्ञाचेही नाव घ्यावयास हवे. रेखीय नियोजनाच्या १९८४ मधील पद्धतीमुळे जगप्रसिद्ध झालेले नरेंद्र करमरकर यांनी १९९१ साली परिमित प्रक्षेपी भूमितीच्या आधारे समांतर यंत्राची एक रचना मांडली. या भूमितीत कोणत्याही दोन बिंदूंमधून नेमकी एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा नेमक्या एकाच बिंदूत मिळतात. तिचे सर्वांत लहान रूप सात बिंदू आणि सात रेषा यांचे असून प्रत्येक रेषेवर तीन बिंदू असतात. बिंदूंच्या जागी स्मृतिकोश आणि रेषांच्या जागी प्रक्रियक कल्पिले, तर कामाची आणि वाटांची वाटणी भूमितीच ठरवून देते. कोणाच्या वाट्यास अधिक गर्दी येत नाही. कल्पना विलक्षण सुंदर आहे, हे कोणीही मान्य करील. तथापि बाजारातील यंत्रे तिच्या वाटेने गेली नाहीत.

१९९८ साली ‘परम १००००’ बरोबर सी-डॅकने स्वतःचे दळणवळण-जाळे पुढे आणले. ‘परमनेट’ हे त्याचे नाव. त्याच्या आठ मुखांच्या सांध्यातून प्रत्येक मुखास दोन्ही दिशांनी एकाच वेळी सेकंदाला ४०० मेगाबिट माहिती जाऊ शके. पुढे ‘परम पद्म’साठी सिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही क्षमता २.५ गिगाबिटांवर गेली, आणि एक टेराफ्लॉप शिखरवेगाचे ते यंत्र जून २००३ च्या जागतिक यादीत १७१ व्या क्रमांकावर आले. प्रक्रियक विदेशी, पण सांधा स्वदेशी, अशी ही विभागणी होती. प्रक्रियक बाजारात विकत मिळू लागले होते. त्यांना जोडण्याची विद्या मात्र स्वतः कमवावी लागते, हे १९९२ च्या अनुभवाने शिकविले होते असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. वृत्तपत्रांनी टेराफ्लॉपची बातमी ठळक छापली. ‘परमनेट’चे नाव त्यात कोठे असलेच तर शेवटच्या परिच्छेदात.

यंत्राच्या भिंतीबाहेर याच काळात काय स्थिती होती? भारतीय शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ जाळ्याचा परदेशाशी पहिला कायम दुवा १९८९ साली मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून जोडला गेला, आणि त्याची गती सेकंदाला ९.६ किलोबिट होती. ‘परम ८०००’ मधील एका प्रक्रियकाचा एक दुवा याच्या दोन हजार पटींनी रुंद होता. अशा अरुंद वाटेवर गर्दी झाली म्हणजे काय होते याचे उत्तर त्यापूर्वीच कॅलिफोर्नियात मिळाले होते. १९८६ साली बर्कले येथील विद्यापीठ आणि जवळची लॉरेन्स प्रयोगशाळा यांमधील दुव्यावरील प्रत्यक्ष वाहतूक सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर घसरली. दुवा तुटला नव्हता. पोच न आल्यामुळे प्रत्येक यंत्र तोच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवीत होते, आणि त्या पुनरुक्तीनेच वाट बुजली होती. व्हॅन जेकब्सन याने १९८८ साली मांडलेला उपाय अगदी साधा आहे: पाठविणाऱ्याने आरंभ सावकाश करावा, पोच येत जाईल तसा वेग वाढवावा, आणि पोच चुकली की ताबडतोब हात आखडता घ्यावा. वाट तसूभरही रुंद न करता केवळ शिस्तीने ती मोकळी झाली. आषाढीच्या गर्दीत महाद्वाराशी रांग लावणारांस या उपायाचे विशेष नवल वाटू नये.

पुण्यातील दुसरा प्रयत्न टाटा समूहाच्या ‘एक’ या यंत्राचा. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत ते चौथ्या क्रमांकावर होते आणि त्याचा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप होता. यातील कपाटे सरळ ओळींत न मांडता जवळजवळ वर्तुळाकार मांडली होती. तारांची लांबी कमी व्हावी हा त्यामागील हेतू. माहितीला अंतर कापण्यास वेळ लागतो आणि वाट कितीही रुंद केली तरी हा विलंब हटत नाही. वहनक्षमता पैशाने वाढविता येते, पण प्रकाशाचा वेग विकत मिळत नाही. लहान लहान निरोपांनी गजबजलेल्या गणितात रुंदीपेक्षा हा विलंबच अधिक जाचक होतो. म्हणून अनुभवी आज्ञावलीकार शंभर निरोपांचे एकच गाठोडे बांधून पाठवितात.

या सर्व खटाटोपाचा धाराशिवसारख्या जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पावसाचा अंदाज हे महासंगणक मागविण्याचे मूळ कारण होते, आणि १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या या प्रदेशात त्याचे मोल सांगावयास नको. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटरच्या जाळीत हा सबंध जिल्हा सुमारे ५२ चौकोनांत बसतो. भूम आणि परंडा यांच्या माळावरील पाऊस आणि तुळजापूरच्या घाटमाथ्यावरील पाऊस यांतील भेद एवढ्या जाडसर जाळीतून कितीसा उमटणार? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण केलेली ‘भारत अंदाज प्रणाली’ सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते. त्यामुळे जिल्ह्याच्या वाट्यास २१० चौकोन आले. चौकोन चौपट झाले, आणि जाळी बारीक झाली की काळाची पावलेही सामान्यतः निम्मी करावी लागतात; म्हणून गणित आठपट होते. त्यासाठी २०२४ साली याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप शिखरवेगाचे ‘अर्क’ हे यंत्र कार्यान्वित झाले.

परंतु जागतिक हवामानाचे हे गणित केवळ शेजाऱ्याशी बोलून भागत नाही. त्याच्या पद्धतीत सबंध पृथ्वीवरील वारा व उष्णता लहरींच्या रूपात मांडावी लागते, आणि प्रत्येक पावलास सर्व प्रक्रियकांनी सर्वांशी देवघेव करावी लागते. एक हजार प्रक्रियक असतील तर एका फेरीत जवळजवळ दहा लाख निरोप निघतात, तेही सगळे एकाच वेळी. ही रोजचीच आषाढी झाली. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने आपल्या ‘फ्लोसॉल्व्हर’ मालिकेत यावर एक वेगळाच तोडगा काढला होता: निरोप सांध्यातून जात असतानाच सांध्याने त्यांची बेरीज करावी. गाठोडी उतरविता उतरविताच तोलून घेण्यासारखा हा प्रकार. त्याची चर्चा व्हावी तेवढी झालेली नाही.

अशा यंत्रांचे मूल्यमापन करणाऱ्या इतिहासाभ्यासकाने छापील आकड्यांविषयी सावध असणे अगत्याचे आहे. जागतिक यादी ज्या ‘लिनपॅक’ कसोटीवर उभी आहे, त्या कसोटीत एकदा आणलेली संख्या पुष्कळ वेळा वापरली जाते. तेव्हा दुव्यांची उणीव तीत झाकली जाते. २००८ साली ‘परम युवा’ने ५४ टेराफ्लॉप शिखरवेगापैकी ३८.१ टेराफ्लॉप या कसोटीवर मिळविले, म्हणजे सत्तर टक्के. हवामानासारख्या विखुरलेल्या गणितास अधिक जवळची ‘एचपीसीजी’ ही कसोटी २०१४ पासून प्रचारात आली, आणि तीत जगातील बहुतेक मोठ्या यंत्रांना शिखरवेगाच्या काही थोड्या टक्क्यांपलीकडे जाता आलेले नाही.

कुर्डुवाडीचा सांधा अखेर मोडला. १९५४ साली सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली, आणि २००७-०८ साली लातूर–कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला. त्याच वेळी मार्गाचे वळणही बदलून तो तेव्हाच्या उस्मानाबाद शहरावरून नेण्यात आला. संगणकांच्या बाबतीत असा शेवट दिसत नाही. सी-डॅकने अलीकडे ‘त्रिनेत्र’ नावाचे नवे स्वदेशी जाळे विकसित केले असून त्याच्या एका दुव्याची क्षमता सेकंदाला १०० गिगाबिट आहे. ‘परम ८०००’ मधील दुव्याच्या हे पाच हजार पट झाले. त्यातून सेकंदाला दीडशे कोटींहून अधिक संख्या जातील. पण त्या दुव्याच्या टोकाशी दोन आधुनिक प्रक्रियकांचा एक संच असून त्याचा शिखरवेग चार टेराफ्लॉप आहे असे धरले, तर आलेली प्रत्येक संख्या सुमारे अडीच हजार वेळा वापरावी लागते. १९९१ साली, चारही दुवे भरून वाहत असता, हा आकडा पाच होता.